काय म्हणतात मास्तर

मी वेल्ह्याच्या शाळेवर रुजू व्हायला आलो तो दिवस नेमका बुधवार होता, म्हणून सगळा घोटाळा झाला. रविवारी आलो असतो तर माणसाची ओळख निदान नीट झाली असती.

नसरापूरला मोटारीतून उतरलो, विंझरपर्यंत भाताच्या पोत्यांवर बसून आलो आणि पुढं पायी. अंगावर धूळ, हातात वळकटी, पोटात कावळे. शाळेच्या ओट्यावर एक गृहस्थ बसले होते. डोक्याला काळी टोपी, अंगात कोट, कोटाच्या खिशात भुईमुगाच्या शेंगा. मला पाहिल्याबरोबर ते उभे राहिले आणि हात पसरून म्हणाले, "बर्री, बर्री! कूड्री!"

मी म्हटलं, "मी नवा मास्तर. शाळा हीच ना?"

"बर्री!"

"बरी कोण? शाळा बरी आहे का?"

त्यांनी पुन्हा "कूड्री" म्हणून ओट्याकडं बोट दाखवलं. माझ्या मनात आलं, भोर संस्थानानं आपल्याला वेड्यांच्या शेजारी नेमलंय. तेवढ्यात पलीकडच्या घरातून एक म्हातारी हातात सूप घेऊन बाहेर आली आणि वैतागून म्हणाली, "आवो बसा म्हनत्यात ते. आज बुधवार न्हवं का! बुधवारी मास्तर कानडीत असत्यात."

त्या आत्याबाई. आमच्या घरमालकीण. त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत पुढची काही वर्षं मी आणि ओट्यावरचे ते गृहस्थ, म्हणजे शाळेचे इंग्रजीचे मास्तर, राहिलो, आणि त्यांच्या चुलीवरचं जेवलो.

मास्तरांनी वारांना भाषा वाटून दिल्या होत्या. सोमवारी इंग्रजी. बुधवारी कानडी. गुरुवारी फारसी, ती त्यांना भोरच्या एका म्हाताऱ्या मौलवीनं शिकवलेली. उरलेल्या वारांना ज्या भाषेची त्या महिन्यात लागण झाली असेल ती. रविवारी मात्र मराठी, कारण रविवारी आठवडाभराच्या चुका सांगून माफी मागावी लागायची. शाळेत शिकवताना ते मराठीत बोलत, नाही असं नाही, पण शाळेचा उंबरा ओलांडला की वार सुरू.

याचा सगळ्यात जास्त त्रास आत्याबाईंना झाला, आणि सगळ्यात जास्त त्याच शिकल्या. बुधवारी "नीरू" म्हटलं की तांब्या पुढं करायचा. गुरुवारी "आब" म्हटलं तरी तांब्याच. त्या मला म्हणायच्या, "त्यांच्या समद्या भाशांत पानीच हाय बघा. वार बदालला तरी मानूस तहानलेलाच." एकदा शेजारच्या सुनेला त्यांनी "ऊटा झाला का गं?" असं विचारलेलं मी स्वतः ऐकलं. ती सून बावरून उठून उभी राहिली. कानडीत ऊटा म्हणजे जेवण, हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार?

गावात मास्तरांना त्यांच्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. सगळे ‘काय म्हणतात मास्तर’ म्हणायचे. परगावचा कुणीही माणूस वेल्ह्यातून चालला की मास्तर त्याला अडवायचे आणि हातातली वस्तू पुढं करून विचारायचे, "तुमच्यात याला काय म्हणतात?" हिंग विकणारा पठाण, दगड फोडायला आलेले वडार, मढे घाट चढून सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन येणाऱ्या कोकणातल्या बाया, सगळ्यांना हाच प्रश्न. पठाणाला पहिल्यांदा वाटलं, मास्तरांना हिंगाचा भाव पाडून हवाय. तो चिडला. मास्तर शांतपणे आपल्या टोपीकडं, मग नाकाकडं, मग तोरण्याकडं बोट दाखवत राहिले. शेवटी पठाण ओट्यावर बसला आणि आपल्या मुलखात डोंगराला, बर्फाला, मेहुण्याला काय म्हणतात ते सांगत राहिला. जाताना त्यानं मास्तरांना मिठी मारली. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी ‘मेहुणा’ हा शब्द पश्तूत फळ्यावर लिहिला. पोरांना वाटलं, हेच इंग्रजी. त्यातल्या एकानं तो शब्द परीक्षेत लिहिला, आणि मास्तरांनी त्याला निम्मे गुण दिले.

"निम्मे कशाबद्दल?" मी विचारलं.

"अर्थ बरोबर आहे, धाकटे मास्तर. फक्त देश चुकला."

मला ते ‘धाकटे मास्तर’ म्हणायचे. मी व्हर्नाक्युलर फायनल झालेला, मराठीचे वर्ग शिकवणारा. मॅट्रिकला बाहेरून बसावं अशी माझी इच्छा होती आणि त्यासाठी इंग्रजी हवं होतं. वेल्ह्यात इंग्रजी म्हणजे मास्तर. संध्याकाळी आत्याबाईंच्या सुपात भात आसडायच्या आवाजात ते मला शिकवायचे.

त्यांचं इंग्रजी सगळं पुस्तकातून आलेलं. खरा इंग्रज बोलताना त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं, त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं. शब्दात जेवढी अक्षरं लिहिली आहेत तेवढी सगळी उच्चारायची, हा त्यांचा नियम होता. गुडघ्याला ते ‘क्नी’ म्हणत. सुरी म्हणजे ‘क्नाइफ’. अर्धा म्हणजे ‘हाल्फ’. ऐकणे म्हणजे ‘लिस्टेन’, त्यातला ‘टे’ चांगला ठणठणीत.

मी एकदा भीत भीत म्हटलं, "मास्तर, भोरला माझा मावसभाऊ हायस्कुलात आहे. तो म्हणतो, यातला ‘के’ गिळायचा असतो."

ते एकदम दुखावले. "का? त्या ‘के’नं काय पाप केलंय? छापणाऱ्यानं खिळा जुळवला, शाई लावली, कागद दाबला. एवढं करून तो ओळीत पहिला उभा, आणि आपण त्याच्या अंगावरून ढांगा टाकत पुढं जायचं?"

मी निमूटपणे ‘क्नी’ म्हटलं. आजही मनात तसंच म्हणतो. पण एक सांगतो, त्यांच्याकडं शिकलेल्या एकाही पोराचं स्पेलिंग कधी चुकलं नाही.

बोलताना चूक झाली तर त्यांना राग यायचा नाही. गप्प बसलं तर यायचा. "चुकीचं बोला, पण मोठ्यानं बोला" असं ते वर्गाला सांगत, आणि आमची पोरं इतक्या मोठ्यानं चुकीचं बोलायची की पारावरची म्हातारी माणसं म्हणायची, "इंग्रज यील आता दनकत."

आणि एका हिवाळ्यात खरंच आला.

कुठला तरी मोठा साहेब राजगड पाहायला निघाला होता. त्याचा मुक्काम गुंजवण्याला, गडाच्या पायथ्याशी. त्याच्याबरोबर दुभाष्या म्हणून भोरहून निघालेले हेडक्लार्क विंझरजवळ घोड्यावरून पडले आणि तिथंच कुणाच्या तरी ओसरीवर पाय बांधून बसले. मग वेल्ह्याला घोडेस्वार आला. इंग्रजी जाणणारा कोण आहे? सगळ्या गावानं एकच बोट दाखवलं.

मास्तरांनी कोट झटकला, खिशातल्या शेंगा काढून आत्याबाईंच्या सुपात ठेवल्या आणि मला म्हणाले, "चला. आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला मिळणार." रस्ताभर ते लग्नाला निघालेल्या माणसासारखे चालत होते.

गुंजवण्याला पोचलो तर आमच्या आधी ठकाबाई तिथं येऊन बसलेली. ठकाबाई म्हणजे वरच्या धनगरवाड्यातली विधवा. तिच्या म्हशी बंद रानात शिरल्या म्हणून जंगलाच्या गार्डानं धरून कोंडवाड्यात घातल्या होत्या. त्यातली एक गाभण, अगदी आजउद्यावर आलेली. कोंडवाड्यात ना पाणी, ना चारा. गार्डाला साऱ्यांनी सांगून पाहिलं. तो म्हणायचा, वरून हुकूम येईपर्यंत हात लावणार नाही. हुकूम वरून यायचा म्हणजे किती वरून, हे त्यालाही माहीत नसावं.

ठकाबाईनं मास्तरांचे पाय धरले. "मास्तर, साह्यबाला येवडं सांगा. माजी म्हस उभ्यानं मरंल हो. तिची न्हाई चूक, माजी हाय. मला कोंडा म्हनावं."

"सांगतो," मास्तर म्हणाले. "तू रडू नकोस. नीट सांगतो."

साहेब तंबूबाहेर खुर्चीत बसला होता. तांबडा, उंच, चेहऱ्यानं वाईट वाटला नाही. मास्तर पुढं गेले, टोपी सारखी केली आणि बोलू लागले. अहाहा, काय बोलले! म्हैस, वासरू, विधवा, पाणी, दया, सगळं त्यात आलं. "शी इज अ हॉनेस्ट वुमन, सर," त्यातला ‘ह’ असा ठासून. "शी इज क्नीलिंग बिफोर यू." त्या दिवशी त्यांनी एकाही अक्षरावर अन्याय केला नाही. मला सगळं समजलं. माझ्या अंगावर काटा आला.

साहेबानं मान थोडी कलती करून सगळं ऐकून घेतलं. मग तो बोलायला लागला. तोंडात सुपारी धरून बोलावं तसं बोलला, भराभर, मधे एकदा हसला, एकदा गडाकडं हात केला. मी कान टवकारले होते. एक शब्द हाताला लागला तर शपथ. मी मास्तरांकडं पाहिलं. ते टोपी हातात घेऊन उभे होते आणि त्यांच्या कपाळावर, त्या थंडीत, घाम आला होता.

साहेब थांबला. आता सगळे मास्तरांकडं बघू लागले. ठकाबाई, गार्ड, पाटील, घोडे धरून उभे असलेले लोक.

मास्तर गार्डाकडं वळले आणि खणखणीत मराठीत म्हणाले, "साहेब म्हणतात, म्हशी आत्ताच्या आत्ता सोडा."

गार्डानं साहेबाला सलाम ठोकला आणि कोंडवाड्याकडं पळाला. साहेबालाही काहीतरी चांगलं झालं असं वाटलं असावं. तो उठला, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या माणसांबरोबर गडाच्या वाटेला लागला.

परत येताना कानंदी नदीच्या पात्राशी आलो तेव्हा मास्तर पाण्यात पाय सोडून बसले.

"धाकटे मास्तर, तुम्ही ऐकलंत ना? काय म्हणाला तो?"

"मला कसं कळणार? मी तुमच्याकडं शिकतोय."

"एक शब्द कळला नाही हो. एक नाही. इतकी वर्षं पोरांना मी काय शिकवतोय?" मग, "त्याचं तर इंग्रजीच असणार ना? का तो दुसराच कुणी होता?"

"आणि म्हशींचं?"

"ते मी माझ्या मनानं सांगितलं."

मी घाबरलो. साहेबाच्या नावानं खोटा हुकूम! संस्थानात माणसं याहून लहान गोष्टींसाठी आत गेली होती. पण मास्तरांना त्याचं काही वाटत नव्हतं. ते नुसते पाण्याकडं बघत ‘लिस्टेन, लिस्टेन’ असं पुटपुटत होते, तो शब्द नव्यानं चाखून बघितल्यासारखा.

ठकाबाईची म्हैस व्यायली. ती खरवसाचं भांडं घेऊन डोंगर उतरून आली आणि मास्तरांच्या पुढं ठेवून म्हणाली, "रेडी झाली. तुमचं नाव काडलं आमी."

"माझं? काय ठेवलंत?"

"मास्तरीन!"

आत्याबाई एवढ्या हसल्या की त्यांना खोकला लागला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खरवस खाल्ला, भांडं स्वतः घासून दिलं, आणि ती गेल्यावर मला म्हणाले, "हिला खरं सांगायला हवं होतं का?" मी म्हटलं, नको. ते म्हणाले, "तुम्हाला नक्की माहीत आहे?" मला काहीच नक्की माहीत नव्हतं.

मग भोरहून बोलावणं आलं. मी बरोबर होतो म्हणून साक्षीला मलाही. कचेरीतले अधिकारी वयस्कर आणि भले होते, इंग्रजी उत्तम जाणणारे. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, गूळपाणी दिलं. मग म्हणाले, "मास्तर, साहेब तुमच्यावर खूश आहेत. परत जाताना मला विचारत होते, गुंजवण्याला तो भला माणूस माझ्याशी कुठल्या भाषेत बोलत होता? म्हणाले, ऐकायला फार गोड वाटली."

बाजूला बसलेला कारकून फसकन हसला. मास्तरांचा चेहरा मला बघवेना.

अधिकारी हसले नाहीत. "पण म्हशींचं त्यांनी नावही काढलं नव्हतं. ते गडावरच्या पाण्याच्या टाक्यांबद्दल विचारत होते. मग गार्डानं लिहून पाठवलेला हा हुकूम आला कुठून?" आणि मास्तर तोंड उघडायच्या आत तेच पुढं म्हणाले, "हे बघा, तुमचा ऐकण्यात गैरसमज झाला असणार. होतो माणसाचा. तसं सांगा, मी तसंच लिहितो, विषय संपला. इंग्रजीचा वर्गही तुमच्याकडंच राहील."

मी मनात म्हटलं, सुटलो. मास्तरांच्या कोटाची बाही ओढली.

मास्तर उभे राहिले. "गैरसमज व्हायला आधी काही समज तर हवा, रावसाहेब. मला काहीच कळलं नाही. म्हशी सोडायचं मी माझ्या मनानं सांगितलं."

"अहो, पण मी म्हणतोय ना..."

"तुमचे उपकार आहेत. पण कळल्यासारखं मी आता करणार नाही."

अधिकाऱ्यांनी कागद पुढं ओढला. त्यांना राग आला होता की वाईट वाटलं होतं, मला सांगता येणार नाही. शेवटी त्यांनी एवढंच केलं की मास्तरांना नोकरीवरून काढलं, तुरुंगात घातलं नाही. इंग्रजीचा वर्ग बंद झाला.

भोरहून नसरापूरला येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. मी चिडलो होतो. म्हटलं, "एक वाक्य बोलायचं होतं तुम्ही! गुंजवण्याला एवढं धडधडीत खोटं बोललात, मग इथंच काय झालं?"

बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. मास्तर म्हणाले, "माझी बायको बेळगावाकडची होती. घरात त्यांची कानडी. मराठी जेमतेम यायची, पण आमचं भागत होतं. नवीनच लग्न. मग मानमोडीची साथ आली."

मानमोडीत माझ्या घरचीही माणसं गेली होती.

"ताप चढला तशी तिची मराठी गेली. सगळी. नुसती कानडी. मला काहीतरी विचारत होती. विचारत होती एवढं कळायचं, कारण सूर वर जायचा. हात धरून पुन्हा पुन्हा तेच विचारायची. भोरात कानडी जाणणारं कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्या साथीत कोण कुणाच्या दारात जातंय? मी काय करणार? मान डोलवत राहिलो. हो म्हणालो. हो, हो, करतो. तेवढ्यावर ती शांत झाली आणि गेली."

मग म्हणाले, "मी कशाला हो म्हणालो ते मला माहीत नाही. मग कानडी शिकलो. पण शिकेपर्यंत ते शब्द कानातून विरून गेले. सूर तेवढा राहिला."

मी विचारलं, "मग गुंजवण्याला पुन्हा तेच का केलंत?"

"तिथं म्हैस सुटली," ते म्हणाले. "तिचं काय झालं असतं ते मला दिसत होतं. पण त्यानंतर मला झोप नव्हती, धाकटे मास्तर. आता तिसऱ्यांदा, कचेरीत उभं राहून, कळलं होतं म्हणून सांगू?"

मला तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं नाही. मग कितीतरी वर्षांनी पटलं, आणि अलीकडं पुन्हा पटेनासं झालंय. एक सोपं वाक्य बोलून त्यांनी वेल्ह्यात राहायला हवं होतं असं मला वाटतं, आणि तसे ते बोलले असते तर ते मला इतके आठवले असते का, असंही वाटतं.

मास्तर पुण्याला गेले. का, तर इंग्रजी ऐकायला. निघताना आत्याबाईंनी त्यांच्या पिशवीत तांदूळ घातले आणि पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "आता मी कुनासंगं कानडी बोलू?"

मधे मधे नसरापूरच्या बाजाराला आलेल्यांकडून त्यांची खबर यायची. पुण्याच्या लष्कर भागात एका चर्चच्या भिंतीला टेकून दर रविवारी उभे असतात. आत जात नाहीत, नुसते ऐकतात. एकदा शिपायानं हाकललं तर दुसऱ्या भिंतीला जाऊन टेकले. मग लढाई सुरू झाली. विलायतेहून गोऱ्या सोल्जरांच्या पलटणी पुण्यात येऊन पडल्या आणि त्यांना हिंदुस्थानी शिकवायला मुन्शी लागू लागले. मास्तरांची फारसी तिथं कामाला आली. ते मुन्शी झाले.

मी मॅट्रिकच्या परीक्षेसाठी पुण्याला गेलो तेव्हा त्यांच्याकडं उतरलो. लष्करातल्या एका गल्लीत खोली होती. केस पांढरे झाले होते, पण चालणं आता पुन्हा त्या लग्नाला निघालेल्या माणसासारखं. मला बघून मराठीतच बोलले. मी विचारलं, वार सोडले काय? म्हणाले, "आता वेळ नाही. एक नवीनच मिळालीय."

त्यांच्या शिकाऊ सोल्जरांत एक पोरगेला गोरा होता. पहिल्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांना आपापलं गाव विचारलं. तो म्हणाला, "वेल्स."

"मला ऐकू आलं वेल्हे," मास्तर सांगत होते, डोळ्यांत पाणी येईतो हसत. "मी म्हटलं, अरे मीही वेल्ह्याचाच! मग त्यानं विचारलं, तुमच्याकडं डोंगर आहेत? म्हटलं, आहेत. पाऊस? म्हटलं, विचारू नकोस. मेंढरं? म्हटलं, वरच्या वाड्यावर आहेत. त्यानं माझा हातच धरला. बराच वेळ आम्ही एकाच गावाचं बोलतोय असं दोघांनाही वाटत होतं!"

"आणि त्याचं इंग्रजी कळतं तुम्हाला?"

"अहो, तेच तर. त्याचं इंग्रजी बाकीच्या गोऱ्यांनाच नीट कळत नाही! हसतात त्याला. त्याच्या घरची भाषा वेगळीच. इंग्रजी तोही शाळेत मार खाऊन शिकलाय, माझ्या पोरांसारखा." मग मान हलवत म्हणाले, "तिकडं डोंगराआड आणखी एक भाषा आहे, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलंच नव्हतं. पाण्याला ते ‘डूर’ म्हणतात."

ते त्याला हिंदुस्थानी शिकवत होते आणि तो त्यांना त्याची घरची भाषा. दोघं बराकीच्या पायरीवर बसून दगडाकडं, बुटाकडं, कावळ्याकडं बोटं दाखवत बोलताना मी पाहिले. मला त्यातलं काही समजलं नाही, पण निघायचंही मनात येईना.

माझा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी त्या पोराच्या पलटणीला हुकूम आला. ब्रह्मदेशाकडं, असं लोक बोलत होते. मास्तर मला घेऊन स्टेशनवर गेले. फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. सोल्जर, पेट्या, शिट्ट्या, कुणी गात होतं. तो पोरगा डब्याच्या खिडकीत होता. मास्तरांना पाहून त्यानं अर्धं अंग बाहेर काढलं आणि बोलायला लागला. आधी इंग्रजीत. मग हिंदुस्थानीचे एकदोन शब्द. मग तो भरभर, न थांबता, त्याच्या घरच्या भाषेत बोलू लागला. काहीतरी विचारत होता. मलासुद्धा कळलं, सूर वर जात होता.

मास्तरांनी त्याची बाही घट्ट धरली. "नाही," ते मोठ्यानं म्हणाले, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. "नाही कळलं. पुन्हा सांग. सावकाश."

त्यानं पुन्हा सांगितलं. मास्तर मान हलवून पुन्हा नाही म्हणाले. त्यानं एकेक शब्द सुटा करून सांगितला. मास्तर ओठ हलवत प्रत्येक शब्द मागून म्हणत होते. गाडीनं शिटी दिली. डबा हलला. मास्तर बाही न सोडता गाडीबरोबर चालू लागले, मग पळू लागले, कोटाचं टोक उडतंय, माणसं शिव्या देतायत, आणि हे ओरडतायत, "पुन्हा! एकदा पुन्हा!" आणि तो पोरगा रडत, हसत, वाकून त्यांच्या कानात तेच ओरडतोय.

फलाट संपला तिथं ते थांबले. मी धावत जाऊन गाठलं. त्यांना धाप लागली होती, टोपी कुठं तरी पडली होती.

"काय विचारत होता?" मी म्हटलं.

"त्याच्या आईची एक मेंढी आहे. पायानं अधू. ती विकू नको असं आईला कळवाल का, म्हणत होता. निदान आई आणि मेंढी आणि विकू नको, एवढं नक्की. पुढचं गाडीच्या आवाजात गेलं." त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. "अर्धं कळलं, धाकटे मास्तर."

"अर्धंच?"

"अर्धं!" ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडावर एवढा आनंद मी पाहिला नव्हता. "आणि मी त्याला अर्ध्यालाच हो म्हणालो."